संगणकाचा आणि पडद्याचा सांधा

नागपूरहून चंद्रपूरकडे आगगाडीनें जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना नागभीडचें स्थानक चांगलें स्मरत असेल. नागपूरच्या इतवारी स्थानकावरून निघालेली अरुंद रुळांची लहान गाडी भातखाचरांतून आणि जंगलांतून डुलत डुलत नागभीडला येई. तेथें उतारू आपलीं बोचकीं सांवरीत खालीं उतरत आणि गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीची वाट पाहत बसत. मोठ्या गाडीचा हा मार्गही मुळांत अरुंदच होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्याचें रुंदीकरण झालें. नागपूर-नागभीड मार्ग मात्र 2019 सालीं त्याच कामासाठीं बंद होईपर्यंत अरुंद राहिला. एका गाडीच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, दुसरीच्या रुळांमधील साडेपांच फूट. दोन्ही गाड्या एकाच स्थानकांत येत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाणें शक्य नव्हतें. माणसांना उतरावें लागे, सामान उचलून दुसरीकडे न्यावें लागे, आणि मगच पुढचा प्रवास सुरू होई.

हाच प्रसंग आज पुष्कळ घरांत आणि शाळांत टेबलावर घडतो. एका बाजूस नवा संगणक असतो, दुसऱ्या बाजूस जुना पण धडधाकट पडदा असतो. दोन्ही यंत्रें वीतभर अंतरावर असतात. पण संगणकांतील चित्र पडद्यावर कांहीं उमटत नाहीं.

चंद्रपूर शहरांतील एखाद्या कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. पंधरा वर्षांपूर्वीं घेतलेल्या संगणकाचा सतरा इंची मॉनिटर कपड्यांत गुंडाळून कपाटावर ठेवलेला आहे. संगणक केव्हांच निकामी झाला, मॉनिटर मात्र शाबूत आहे. नातीच्या शिक्षणासाठीं आतां लहान लॅपटॉप आला. त्याच्या बारीक अक्षरांनीं तिचे डोळे शिणूं लागले, तेव्हां आजोबांना जुन्या मॉनिटरची आठवण झाली. तो खालीं काढून पुसला; पण त्याची केबल लॅपटॉपला बसेना. बाजारांतून एका टोकास लॅपटॉपचें आणि दुसऱ्या टोकास मॉनिटरचें तोंड असलेली स्वस्त केबल आणली. ती दोन्हीकडे नेमकी बसली. तरी पडद्यावर दोनच शब्द आले: ‘नो सिग्नल.’ घरच्या मंडळींनीं निष्कर्ष काढला कीं मॉनिटर बिघडला, आणि तो भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. वस्तुतः मॉनिटर निर्दोष होता. चूक केबलीच्या निवडींत होती.

ही चूक शहरांत महाग पडते, वनप्रदेशांत तर फारच महाग पडते. 26 ऑगस्ट 1982 रोजीं चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेला आहे. गडचिरोली शहरापासून सिरोंचा सुमारें दोनशें किलोमीटरांवर आहे. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षें तुटत आला आहे. अशा तालुक्यांतील एखाद्या शाळेला कोणी जुने मॉनिटर दिले आणि दुसऱ्या कोणी नवे संगणक दिले, तर त्यांची जोडणी करण्यासाठीं लागणारी चार बोटांची वस्तु कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळेलच असें नाहीं. चुकीची वस्तु आली म्हणजे ती बदलून आणण्यांत एक अख्खा दिवस जातो. आणि बदलण्याचा उत्साह संपला कीं यंत्रें कपाटांत जातात. मुलांचा तास मात्र फळ्यावर काढलेल्या संगणकाच्या आकृतीवरच भागतो. म्हणून ही जोडणी कशी होते, हें एकदां नीट समजून घेणें इष्ट आहे. त्याला गणित किंवा विज्ञानशास्त्राचें मोठें ज्ञान लागत नाहीं.

पडद्यावरील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. जुन्या सतरा इंची चपट्या मॉनिटरवर बहुधा आडव्या रांगेंत 1280 आणि उभ्या रांगेंत 1024 ठिपके असतात. म्हणजे एकूण 13,10,720. प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन रंग कमीअधिक प्रमाणांत मिसळलेले असतात. ही सारी रांगोळी संगणक एका सेकंदांत साधारणतः साठ वेळां पुन्हां पुन्हां पाठवीत असतो. आतां प्रश्न इतकाच कीं, प्रत्येक ठिपक्याचा रंग तारेंतून सांगावा कसा? याच्या दोन रीति आहेत, आणि सगळा घोळ या दोन रीतींमुळें होतो.

पहिली रीति जुनी. 1987 सालीं आयबीएम कंपनीनें आपल्या नव्या संगणकांबरोबर ती प्रचारांत आणली. तिला व्हीजीए म्हणतात. हिचें तोंड, म्हणजे पोर्ट, ओळखणें सोपें आहे: पांच-पांच छिद्रांच्या तीन ओळी, दोन्ही बाजूंस स्क्रू, आणि बहुधा निळा रंग. या केबलींत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या रंगासाठीं एकेक स्वतंत्र तार असते. तारेंतील विद्युद्दाब शून्य असला म्हणजे तो रंग मुळींच नाहीं. दाब सुमारें 0.7 व्होल्ट झाला म्हणजे तो रंग पूर्ण तेजानें. मधल्या दाबाला मधलें तेज. हार्मोनियमच्या भात्याचा दाब वाढवावा तसा सूर वाढावा, तशांतला हा प्रकार आहे. ओळ कोठें संपली आणि पान कोठें संपलें हें सांगणाऱ्या आणखी दोन तारा असतात. या सलग चढउताराच्या रीतीला अॅनालॉग असें नांव आहे. जुन्या फुगीर कांचेच्या मॉनिटरांसाठीं ती अगदीं सोयीची होती.

दुसरी रीति आंकड्यांची. हिच्यांत तेजाचा दाब पाठवीत नाहींत; तेजाचा आंकडा पाठवितात. प्रत्येक रंगाला शून्यापासून 255 पर्यंत एक आंकडा असतो, आणि तो ‘आहे’ व ‘नाहीं’ अशा दोनच खुणांच्या अतिजलद मालिकेनें तारेंतून धांवतो. हिला डिजिटल म्हणतात. या पद्धतीचीं तोंडें निरनिराळीं आहेत. 1999 सालीं डीव्हीआय आलें. तें रुंद, बहुधा पांढरें, आणि स्क्रू असलेलें असतें. 2002 सालीं एचडीएमआय ठरलें. हल्लीं दूरचित्रवाणीच्या संचांवर सर्वत्र दिसणारें चपटें, खालीं निमुळतें होणारें, 19 पिनांचें तोंड तें हेंच. 2006 सालीं डिस्प्ले पोर्ट आलें. त्याचा एक कोपरा तिरका कापलेला असतो. 2014 सालीं टाइप-सी हें लहान लंबगोल तोंड आलें. त्यांत प्लग उलटासुलटा कसाही बसतो.

येथवर ध्यानांत आलें म्हणजे मुख्य तत्त्व आपोआप हातीं येतें. दोन तोंडें जुळत नाहींत, असें आपण म्हणतों तेव्हां त्यांत दोन वेगळ्या अडचणी लपलेल्या असतात. एक अडचण केवळ आकाराची असते. दोन्ही बाजूंची रीति एकच, फक्त तोंडाची घडण वेगळी. रुळांची रुंदी तीच, पण डबे जोडण्याच्या आंकड्यांची बनावट निराळी, अशी ही स्थिति होय. आंकडा बदलला कीं काम झालें. दुसरी अडचण रीतीचीच असते. तेथें रुळांची रुंदीच वेगळी. कसलाही आंकडा लावला तरी गाडी पुढें जाणार नाहीं. मालाची चढउतारच केली पाहिजे.

पहिल्या प्रकारांत स्वस्त आणि साध्या केबलीनें भागतें. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांची चित्र पाठविण्याची रीति मुळांत एकच आहे. म्हणून संगणकाला एचडीएमआय असेल आणि मॉनिटरला डीव्हीआय, तर एका टोकास एक व दुसऱ्या टोकास दुसरें तोंड असलेली साधी केबल पुरते, आणि ती उलट दिशेनेंही चालते. आपल्याकडील पुष्कळ जुन्या चपट्या मॉनिटरांच्या मागें निळ्या व्हीजीएच्या शेजारीं हें पांढरें डीव्हीआयचें तोंड असतें. पण घरांतील कोणीहि मॉनिटर उलटा करून तें पाहिलेलें नसतें. तें असेल तर तेंच वापरावें. खर्च कमी होतो आणि अक्षरेंही अधिक रेखीव दिसतात.

दुसऱ्या प्रकारांत नव्या संगणकाचें एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरचें व्हीजीए यांची गांठ पडते. एकीकडे आंकडे, दुसरीकडे दाब. येथें आंकडे वाचून त्यांचा दाब बनविणारी एक चिप मध्यें असलीच पाहिजे. अशी चिप असलेल्या वस्तूला कन्व्हर्टर म्हणतात. वर सांगितलेल्या कुटुंबानें आणलेल्या केबलींत ही चिप नव्हती. नुसत्या तारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेल्या होत्या. संगणक आंकडे पाठवीत होता, मॉनिटर दाबाची वाट पाहत होता, आणि दोघांपैकीं कोणाचीही चूक नव्हती. अशा बिनचिपेच्या केबली बाजारांत सर्रास मिळतात. कांहीं विशिष्ट उपकरणांत त्यांचा उपयोग होत असेल. सर्वसाधारण संगणकाशीं त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. नुसत्या बाह्य रूपावरून त्या ओळखणें कठीण आहे, कारण चांगल्या कन्व्हर्टरची चिपही प्लगच्या पोटांत मावून जाते. म्हणून वेष्टनावर ‘कन्व्हर्टर’ हा शब्द आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि शक्य असेल तर दुकानांतच जोडून दाखवावयास सांगावें.

यापुढें दिशेचा प्रश्न येतो, आणि दुसरी मोठी फसगत तेथेंच होते. सिरोंचाकडे घरोघर तेलुगू बोलतात. एखादा माणूस तेलुगू ऐकून मराठींत सांगूं शकेल. पण तोच मराठीचें तेलुगू करूं शकेल असें नाहीं. कन्व्हर्टरही असाच एकमार्गी दुभाषी आहे. एचडीएमआयचें व्हीजीए करणारा कन्व्हर्टर नव्या संगणकाला जुना मॉनिटर जोडण्यासाठीं असतो. जुना संगणक नव्या दूरचित्रवाणी-संचाला जोडावयाचा असेल, तर व्हीजीएचें एचडीएमआय करणारा दुसरा कन्व्हर्टर लागतो. दोहोंचीं तोंडें कागदावर सारखींच लिहिलेलीं असतात, किंमतही जवळपास सारखी असते. पण एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं. दुकानदाराला ‘एचडीएमआय आणि व्हीजीएची वस्तु द्या’ असें सांगूं नये. ‘चित्र या तोंडांतून निघतें आणि त्या तोंडांत जातें’ असें दिशेसह सांगावें.

डिस्प्ले पोर्टलाही हाच नियम लागू आहे. संगणकाच्या डिस्प्ले पोर्टजवळ दोन अधिक चिन्हें असलेली खूण असेल, तर त्यांतून एचडीएमआयच्या पडद्याला साध्या अॅडॅप्टरनें चित्र देतां येतें. तें तोंड जरुरीप्रमाणें दोन्ही रीतींनीं बोलूं शकतें. उलट, एचडीएमआयच्या संगणकाला डिस्प्ले पोर्टचा मॉनिटर जोडावयाचा असेल, तर चिप असलेला कन्व्हर्टरच पाहिजे. डीव्हीआयचेही दोन भेद आहेत. त्याच्या आडव्या पात्याभोंवतीं चार बारीक छिद्रें असतील, तर संगणकाच्या त्या तोंडांतून जुना दाबही बाहेर पडतो, आणि लहानशा साध्या जोडानें व्हीजीए मॉनिटर चालूं शकतो. तीं चार छिद्रें नसतील, तर तेथें फक्त आंकडे आहेत असें समजावें. टाइप-सीच्या बाबतींत विशेष सावध राहिलें पाहिजे. तोंड दिसावयास एकच असलें, तरी प्रत्येक टाइप-सीमधून चित्र बाहेर येतेंच असें नाहीं. कांहींतून केवळ वीज आणि माहिती जाते. पुष्कळ फोनांचें असेंच असतें. संगणकाच्या माहितीपत्रकांत चित्र देण्याची सोय स्पष्ट लिहिलेली असल्याशिवाय त्यासाठीं अॅडॅप्टर घेऊं नये.

दुभाषी कामाला लावला म्हणजे त्याच्या जेवणाची सोय करावी लागते. कन्व्हर्टरच्या चिपेला वीज लागते. एचडीएमआयच्या तोंडांतून पांच व्होल्टची वीज मिळते खरी, पण ती अगदीं थोडी मिळेल एवढीच हमी असते. कांहीं संगणकांवर तेवढ्यानें भागतें. कांहींवर चित्र लुकलुकतें किंवा मधूनमधून नाहींसें होतें. अशा वेळीं बाजूला यूएसबीची लहान तार असलेला कन्व्हर्टर घ्यावा आणि ती तार संगणकाला किंवा फोनच्या चार्जरला लावावी. व्हीजीएचें एचडीएमआय करणाऱ्या कन्व्हर्टरला तर अशी वीज बहुधा लागतेच, कारण व्हीजीएच्या तोंडांतून पुरेशी वीज मिळण्याचा भरंवसा नसतो.

इतकें करूनही कधीं कधीं पडदा अंधारा राहतो, किंवा ‘आउट ऑफ रेंज’ असे शब्द दाखवितो. येथें घाबरण्याचें कारण नाहीं. उलट हें शुभचिन्ह आहे. मॉनिटरपर्यंत चित्र पोहोंचलें आहे, पण तें त्याच्या आवांक्याबाहेरचें आहे, एवढाच त्याचा अर्थ. नवा संगणक आडव्या 1920 ठिपक्यांचें रुंद चित्र पाठवितो, आणि जुना मॉनिटर 1280 ठिपक्यांचा असतो. वास्तविक जोडणी होतांच मॉनिटरनें आपली ओळख संगणकाला द्यावयाची असते: मी इतक्या ठिपक्यांचा, सेकंदाला इतक्या वेळां चित्र काढणारा. वर्गांतील हजेरीसारखीच ही सोय आहे, आणि ती व्हीजीए केबलींतील बाराव्या आणि पंधराव्या पिनांवरून चालते. हलक्या केबलींत या पिनांच्या तारा कधीं कधीं घातलेल्याच नसतात. मग हजेरी लागत नाहीं आणि संगणक अंदाजानें कांहीं तरी पाठवितो. त्यावर उपाय असा कीं, संगणकाच्या मांडणींत जाऊन ठिपक्यांची संख्या 1280 गुणिलें 1024 आणि सेकंदाचा वेग 60 असा हातानें ठरवावा. चित्र एका बाजूस सरकलेलें किंवा किंचित् पुसट दिसलें, तर मॉनिटरवरील ‘ऑटो’चें बटण दाबावें, व्हीजीएच्या चित्राची जागा मॉनिटर स्वतः नीट करून घेतो. मॉनिटरला दोन तोंडें असतील, तर कोणत्या तोंडाकडे लक्ष द्यावयाचें तें त्याच्या ‘सोर्स’ बटणानें सांगावें लागतें, हेंही विसरूं नये.

आवाजाविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो. व्हीजीएमध्यें आवाजासाठीं तारच नाहीं. जोडणी होतांच संगणक पुष्कळदां आवाज नव्या वाटेनें पाठवूं लागतो, आणि तो मध्येंच नाहींसा झाल्यासारखा वाटतो. संगणकाच्या आवाजाच्या मांडणींत त्याचा स्वतःचा स्पीकर पुन्हां निवडला कीं तो परत येतो. किंवा आवाजाचें गोल छिद्र असलेला कन्व्हर्टर घेऊन त्याला वेगळा स्पीकर लावावा. कांहीं चित्रपट मात्र नकलेपासून रक्षण करणाऱ्या कुलपांत बंद असतात; ते जुन्या व्हीजीए मॉनिटरवर उघडत नाहींत. शाळेच्या पाठांना, पत्रांना आणि हिशेबाला ही अडचण येत नाहीं.

म्हणून बाजारास जाण्यापूर्वीं, विशेषतः लांबच्या गांवाहून जाण्यापूर्वीं, चार गोष्टी घरींच करून घ्याव्या. संगणकाच्या सर्व तोंडांचें आणि मॉनिटरच्या मागील सर्व तोंडांचें फोनवर स्वच्छ छायाचित्र काढावें. मॉनिटरच्या पाठीवरील चिठ्ठीचेंही छायाचित्र घ्यावें, म्हणजे त्याची ठिपक्यांची संख्या शोधतां येते. चित्र कोठून निघून कोठें जावयाचें ती दिशा कागदावर बाणानें लिहावी. आणि शाळेसाठीं दहा नग घ्यावयाचे असले, तर आधीं एकच आणून पाहावा. तो चालला म्हणजे मग नऊ आणावे. एवढी खबरदारी घेतली, तर सिरोंचाहून आलेल्या शिक्षकाला दुसरी खेप पडणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, इतका खटाटोप करण्यापेक्षां नवा मॉनिटर घेणें काय वाईट? ज्यांना परवडतें त्यांनीं अवश्य घ्यावा. पण थोडक्या किंमतीच्या चिपेनें जर चांगला पडदा आणखी कांहीं वर्षें काम देत असेल, तर तो टाकून देण्यांत शहाणपण नाहीं. शिवाय टाकलेला मॉनिटर निरुपद्रवी नसतो. फुगीर कांचेच्या मॉनिटरांत शिसें असे, आणि जुन्या चपट्या मॉनिटरांच्या आंतील दिव्यांत पारा असतो. तो भंगारांत फुटला म्हणजे हें विष माणसांच्या हातांत आणि मातींत जातें.

डिसेंबर 2010 मध्यें इंटेल आणि एएमडी यांनीं संगणक व पडदे बनविणाऱ्या कांहीं मोठ्या कंपन्यांसह असें जाहीर केलें होतें कीं, 2015 पर्यंत व्हीजीए बंद करावयाचें. नव्या लॅपटॉपांवरून तें खरोखरच जवळजवळ नाहींसें झालें. पण कंपन्यांच्या घोषणेनें कपाटावरचे मॉनिटर नाहींसे होत नाहींत. गोंदिया-चांदा फोर्टचे रूळ रुंद झाले, तरी नागपूरकडून येणारी लहान गाडी पुढें कित्येक वर्षें नागभीडला येतच राहिली. त्या वर्षांत प्रवाशांनीं प्रवास सोडला नाहीं. गाडी कोठें बदलावयाची हें त्यांना ठाऊक होतें, आणि तेवढ्या ज्ञानावर ते चंद्रपुरास बिनचूक पोहोंचत होते. नव्या संगणकाशेजारीं जुना पडदा मांडतांना कुटुंबाला आणि शाळेला तेवढेंच ज्ञान पुरेसें आहे.